फिल्टरची धार

आईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आमच्या महाडच्या घरातला सगळ्यात मोठा आवाज बंद पडला. त्याआधी तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका. आधी पाचाडच्या बाजूला, मग शिवथरच्या खोऱ्यात, आणि शेवटची नऊ वर्षं पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या वाटेवरच्या एका वाडीत. तिथे पहिली ते चौथीचे वर्ग एकाच खोलीत भरायचे. पहिलीला बाराखडी सांगता सांगता चौथीच्या पोरांना भागाकार समजावायचा तर आवाज मोठाच लागतो, आणि तो मोठा झालेला आवाज संध्याकाळी घरी आल्यावर लहान होत नसे. “अलके, दूध उतू चाललंय बघ,” हे ती चप्पल काढतानाच मला ओरडून सांगायची आणि दूध खरोखरच उतू जात असायचं. सकाळी पहिल्या एसटीने पोलादपूर, तिथून घाटाची गाडी, फाट्यावर उतरून वाडीपर्यंत चढण. परत तसंच. आम्ही भावंडं ते बघतच मोठी झालो, त्यामुळे त्यात काही विशेष आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही. सूर्य उगवतो तशी आई एसटीने जाते.

गळ्याला गाठ आली, ती मुंबईला नेऊन काढली. गाठ साधी निघाली, पण आवाजाची नस दुखावली. डॉक्टर म्हणाले, तीन महिने एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही, त्यानंतर काय होतं ते बघू. आईने परत येताना मुंबईहून काय आणलं असेल तर पहिलीच्या पोरांची असते तशी दगडी पाटी. बाहेरच्या खोलीत, खिडकीखाली तिची कॉट मांडली. उशाशी पाटी, पेन्सिली, पुसायला ओल्या फडक्याची घडी, आणि कुणाला बोलवायचं असेल तर वाजवायला स्टीलची वाटी आणि चमचा. ती वाटी दिवसातून पंचवीस-तीस वेळा वाजायची. स्वयंपाकघरात ती ऐकू आली की माझ्या मानेची शीर ताठ व्हायची, हे आज इतक्या वर्षांनी लिहायला हरकत नाही.

मी तेव्हा बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. जानेवारीपासून कॉलेज सुटलं ते सुटलंच. पहिले पंधरा दिवस मावशी येऊन राहिली, तिच्या घरी लग्न निघालं म्हणून ती गेली, आणि मग घर माझ्यावर आलं. आईला गिळताना त्रास व्हायचा म्हणून तिच्यासाठी वेगळा गुरगुट्या भात, नाचणीची पेज, कोकमाचं सार कोमट करून. बाबांना जेवणात काहीतरी चमचमीत लागायचं, त्यांच्यासाठी वालाचं बिरडं किंवा सुक्या बोंबलाचं कालवण. बाबांचं एसटी स्टँडाजवळ वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. ते दुपारी जेवायला येत, आईच्या कॉटशी बसून दुकानात कोण कोण येऊन गेलं ते सांगत आणि उठताना रोज न चुकता म्हणत, “दोन महिन्यांत बघ, पुन्हा गडगडायला लागशील.” बाबांचा स्वभावच तसा. वाईट काही घडलंय हे त्यांना मान्य करायला फार वेळ लागायचा. मी भांडी घासून, कपडे वाळत घालून, वाल सोलत बसले की माझे डोळे आपोआप मिटायचे. वीस वर्षांची होते, पण त्या दिवसांतली मी आठवते ती म्हातारी बाई आठवावी तशी.

सुहासदादा, माझा मोठा भाऊ, मुंबईत नोकरीला होता. फेब्रुवारीत एका शनिवारी तो काचेची टाकी घेऊन आला. दीड फूट लांब, जेमतेम एक फूट उंच. दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी आणि त्यात एक मासा. गडद निळा, शेपटीकडे तांबूस होत गेलेला, आणि ती शेपटी अंगापेक्षा मोठी, ओल्या रेशमी कापडासारखी. “फायटर आहे,” दादा म्हणाला. “आईला बोलता येत नाही, दिवसभर छताकडे बघत बसते. काहीतरी हलतं-फिरतं पाहिजे समोर.” त्याने बाबांचं जुनं टेबल आईच्या कॉटसमोर ओढलं, टाकी मांडली, तळाला धुतलेली वाळू पसरली आणि कोपऱ्यात काळा डबीसारखा फिल्टर रबराच्या बुचांनी काचेला चिकटवला. हा फिल्टर तळाकडून पाणी ओढायचा आणि वरच्या तोंडातून जोरात धार सोडायचा. दादाने आम्हाला ओळीने बजावलं. याला एकट्यालाच ठेवायचं, दुसरा फायटर दिसला तर फाडून टाकील. दिवसातून दोनदा चार-चार दाणे, जास्त नाही. आणि फिल्टर बंद करायचा नाही, पाणी खेळतं राहिलं पाहिजे, दुकानदाराने मुद्दाम सांगितलंय. रविवारी दुपारच्या गाडीने तो परत गेला. बाबांनी माशाचं नाव पैलवान ठेवलं. जेवताना ताटातल्या बोंबलाकडे बघून म्हणाले, “आपलं घर विचित्र आहे. एकाला खायला घालतो आणि दुसऱ्याला खातो.” आई हसली, पण हसतानाही आवाज काढायचा नाही म्हणून तिने तोंडावर पदर दाबला.

दिवस-रात्र त्या फिल्टरची बारीक गुरगुर आणि पाण्याची खळखळ घरात सुरू झाली. मला सुरुवातीला ती बरी वाटली, घरात कुणीतरी बोलतंय असं वाटायचं. मासा सारखा हलत असायचा. धारेच्या समोर आला की ढकलला जायचा, समोरच्या काचेवर आपटायचा, वळून परत यायचा, शेपटी एका बाजूला ओढली जायची, मध्येच फिल्टरच्या मागे शिरायचा. दाणे टाकले की ते धारेत भिरभिरत जायचे आणि तो त्यांच्यामागे धडपडायचा. चारातला एखादाच त्याच्या तोंडी लागायचा. बाबा म्हणायचे, “व्यायाम करतोय पैलवान.” आणि आम्ही ते खरं मानलं. दोन आठवडे मी त्या टाकीवरून रोज फडकं फिरवलं, पण आत काय चाललंय ते पाहिलं नाही.

पाहिलं ते आईने. तिला दुसरं कामच नव्हतं. एका सकाळी वीज गेली. तेव्हा वीज बऱ्याचदा जायची आणि तासभर तरी यायची नाही. मी भाकरीचं पीठ मळत होते. वाटी वाजली. पिठाचे हात घेऊन बाहेर गेले तर आईने पाटी माझ्याकडे वळवली. तिचं अक्षर पाटीवरही शाळेतल्या फळ्यावर असायचं तसंच, प्रत्येक अनुस्वार जागच्या जागी. लिहिलं होतं, ‘वीज गेली की तो बाहेर येतो.’ मी टाकीकडे बघितलं. मासा मधोमध स्थिर होता. ती सगळी शेपटी त्याने पसरली होती, आम्ही घरात आणल्यापासून पहिल्यांदाच. हळूहळू पृष्ठभागाशी आला, हवेचा एक घोट घेतला, परत खाली गेला. “बरं,” मी म्हणाले आणि आत गेले. या एवढ्यासाठी मला हातातलं काम टाकून बोलावलं, एवढंच माझ्या मनात होतं.

तासाभराने वीज आली, गुरगुर सुरू झाली आणि मासा फिल्टरच्या मागच्या फटीत जाऊन काचेला टेकला. पुढच्या दोन-तीन दिवसांत तो दिवसाचा बराच वेळ तिथेच काढायला लागला. हवा घ्यायला वर आला की धार त्याला पकडायची. चौथ्या दिवशी पुन्हा वाटी. पाटीवर दोनच शब्द होते, ‘तो दमलाय.’

“आई, मासा आहे तो,” मी म्हणाले. “मासे पोहतातच.”

आईने मान हलवली आणि ‘दमलाय’ शब्दाखाली रेघ ओढली. ती रेघ बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या खांद्यावर ओला टॉवेल होता, चुलत्यांकडून दोन पाहुणे जेवायला येणार होते, आणि त्या सकाळी बसल्या बसल्या आठवलं होतं की परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत आदल्याच दिवशी संपली. मी म्हणाले, “दमलेली माणसंसुद्धा आहेत या घरात. त्यांच्याबद्दल कधी लिहिलंस का पाटीवर?”

आईने माझ्याकडे बघितलं. मग ओलं फडकं घेतलं, पाटी स्वच्छ पुसली आणि कोरी पाटी छातीशी धरून भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाटी वाजली नाही. मी दोनदा मुद्दाम जाऊन विचारलं, पाणी हवंय का, पेज देऊ का, तर मानेनेच नाही म्हणाली. बोलता येणारं माणूस रागावलं की निदान भांडता येतं. तिच्याशी मला भांडताही येईना आणि माफी मागायला गेले तर तिचे डोळे मिटलेले.

दुसऱ्या दिवशी मी तिला न विचारता फिल्टरचं बटण बंद केलं. माझ्या परीने ती माफी होती. मासा लगेच बाहेर आला. आईने उठून बसून त्याला दाणे घातले, आणि चारही दाणे त्याने खाल्ले. तीन-चार दिवस फार बरे गेले. मग पाणी गढूळ दिसायला लागलं, वास येऊ लागला, काचेवर बुळबुळीत थर जमला. मला वाटलं, सोपं आहे, पाणी बदलू. मासा तांब्यात काढला, टाकी अंगणात नेऊन रिकामी केली, वाळू घासली, नळाचं ताजं पाणी भरलं, टाकी परत टेबलावर ठेवून मासा सोडला आणि आत गेले. त्या दिवसांत नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा उग्र वास असायचा. आम्ही ते उकळून, गार करून पीत होतो आणि माशाला मात्र तसंच दिलं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. पाच मिनिटांत मासा एका कुशीवर झाला. तोंड पाण्याबाहेर काढून उघडझाप करत राहिला आणि शेपटी खाली लोंबायला लागली.

वाटी इतक्या जोरात मी कधी ऐकली नव्हती. मी धावले तेव्हा आई कॉटवरून उतरून टाकीपाशी उभी होती आणि तोंड उघडून काहीतरी म्हणायचा प्रयत्न करत होती. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, “आई, बोलू नकोस. मी करते काहीतरी.” शेजारच्यांच्या परसात आड होता. मी कळशी घेऊन तशीच अनवाणी गेले, दोन कळश्या पाणी शेंदून आणलं, एका पातेल्यात ओतून मासा त्यात सोडला. आई पातेल्याशेजारी जमिनीवर बसली. बाबा जेवायला आले तेव्हाही ती तिथेच होती. बाबा जेवलेच नाहीत, खुर्ची ओढून तिच्या बाजूला बसले. मासा संध्याकाळी सरळ झाला. शेपटीच्या कडा मात्र कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. त्या पुढे कधी पूर्वीसारख्या झाल्या नाहीत.

त्या रविवारी दादाचा फोन आला. “मी सांगितलं होतं ना, फिल्टर बंद करू नका,” तो म्हणाला. “घाण साठते, मासा मरतो.” मी म्हटलं, चालू ठेवला तर धारेने मरेल. दादा म्हणाला, “असं काही नसतं गं. दुकानात दहा टाक्या असतात, सगळ्यांत फिल्टर चालू असतो.” फोन ठेवल्यावर मी आईला सगळं सांगितलं. तिने पाटी घेतली आणि आमच्यातलं भांडण झालंच नाही अशा शांतपणे लिहिलं, ‘फिल्टर चालू हवा. जोर कमी हवा.’ आणि त्याच्या खाली, ‘आपण करू.’

आता बाजारात मंद धारेचे फिल्टर मिळतात, धार कमी-जास्त करायला त्यांना चकती असते. माझ्या भाच्याकडे तसला आहे. तो एका बोटाने चकती फिरवतो आणि काम होतं. आमचा मार्च-एप्रिल त्यात गेला. आईने ते शाळेतल्या धड्यासारखं हाती घेतलं. तुळशीच्या मंजिरीचा एक कण पाण्यावर सोडायची, तो कुठून कुठे वाहत जातो ते बघायची आणि पाटीवर टाकीचा चौकोन काढून त्यात बाण काढायची. आधी आम्ही फिल्टरचं तोंड काचेकडे वळवलं. धार काचेवर आपटून खाली वळली आणि तळातून फिरायला लागली, त्यामुळे मासा वर तरंगत राहिला, पण खाली जाऊन टेकायची सोय गेली. मग तोंडात कापडाचा बोळा घातला. मोटर तापली, आवाज बदलला, आणि तासाभराने बोळा उडून बाहेर आला. फिल्टर पाण्याच्या वर थोडा उचलून पाहिला तर धबधब्यासारखं पाणी पडायला लागलं आणि टेबल भिजलं. एक वाटी उपडी धरली, एक खापरी उभी केली. प्रत्येक वेळी थोडं बरं व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी काहीतरी सरकून जायचं. मला कंटाळा यायचा. आईला यायचा नाही. पण आता वाटी वाजली की माझ्या मानेची शीर ताठ होईना, हे खरं. आम्ही दोघी टाकीसमोर गुडघे टेकून बसायचो आणि तासन्‌तास एक शब्दही न बोलता एकमेकींना खुणा करायचो. लहानपणापासून आईशेजारी एवढा वेळ मी कधीच बसले नव्हते. ती घरात असायची कुठे.

मे महिन्यात हौसामावशी आल्या. वाडीतल्या शाळेसमोरच त्यांचं घर. नवरा आणि दोन्ही मुलगे मुंबईला, त्या एकट्या शेत बघायच्या. आई डबा त्यांच्या ओट्यावर बसून खायची एवढंच मला माहीत होतं. महाडला त्यांच्या भाचीच्या लग्नाचा बस्ता होता, तो आटपून बाईंना बघायला आल्या. टोपलीत फणसाचे गरे, थोडे ओले काजू, आणि आईला अंघोळीला अंग घासायला म्हणून वाळलेल्या घोसाळ्यांच्या चार-पाच जाळ्या. आईने त्यांचे दोन्ही हात धरले. मावशी जमिनीवर बसल्या, चहा घेतला आणि मग टाकीकडे बघत राहिल्या.

“ह्यो काय गो पोरी?” त्यांनी मला विचारलं. “पानी तर त्याच्या तोंडावर मारतंय. जगंल कसा?”

मी सांगितलं, आम्ही दोन महिने तेच करतोय, काही केल्या जोर कमी होत नाही.

“अगो, मिरचीच्या वाफ्यात झऱ्याचं पानी सोडतो तवा काय करतो आमी? थेट सोडलं तर रोप उपटून जातंय. तोंडाशी पेंढा बांधायचा. पानी अडवायचा नाय, त्याला शंभर वाटा द्यायच्या. मग ते दमानं जातंय.”

मी आईकडे बघितलं, आईने घोसाळ्याच्या जाळीकडे. मी लगेच एक जाळी आत नेली, पाण्यात उकळली, वरचा पिवळट रंग जाईपर्यंत दोनदा पाणी बदललं, गार केली. हातभर लांब जाळीचा बोटभर तुकडा कापला, मधली पोकळी फिल्टरच्या तोंडावर टोपीसारखी बसवली आणि दोऱ्याने बांधली. बटण दाबलं. गुरगुर तीच, पण धार दिसेना. पाणी जाळीच्या सगळ्या अंगातून झिरपल्यासारखं बाहेर येत होतं. आईने मंजिरीचा कण सोडला. तो जागच्या जागी थोडा फिरला आणि हळूच टाकीच्या मध्याकडे गेला. फिल्टरच्या मागून मासा बाहेर यायला अर्धा तास लागला. आधी नुसतं तोंड, मग अंग, मग कुरतडलेली शेपटी उघडत तो पार या काचेपर्यंत आला आणि थांबला. त्याला थांबता येतंय हे बघून मावशी मोठ्यांदा हसल्या.

एवढ्यात बाबा जेवायला आले. मासा बघून खूश झाले, मावशींना जेवायचा आग्रह केला, आणि बोलता बोलता म्हणाले, “जूनमध्ये येतात बघा तुमच्या बाई परत. डॉक्टरांनी मौन थोडं वाढवलंय, पण पुढच्या महिन्यापासून हळूहळू बोलायला हरकत नाही म्हणालेत.”

हौसामावशींचं हसू गेलं. त्यांनी चहाचा रिकामा कप बाजूला सारला. मग म्हणाल्या, “नको. बाई, तुमी येऊ नका.”

बाबांना वाटलं, नवीन शिक्षक आलेत, त्यांचं चांगलं चाललंय. तसं त्यांनी विचारलंही. मावशी म्हणाल्या, “तसा नाय भाऊ. गुरुजी आलेत, ते ठीक हायेत. पोरं बाईंनाच मागतात. पन मी बघितलंय म्हनून सांगते.” आईने हात वर केला, नको म्हणून. मावशींनी तो हात धरून खाली केला आणि बोलत राहिल्या. “तीन वर्सं झाली. फाट्यावरनं चढून येतात तर तीन ठिकानी बसतात. माज्या वट्यावर आल्या की आडव्या पडतात. पोरं जमतात तोवर मी म्हनते, बाई, पडा जरा, मी बगते पोरांकडं. दुपारच्याला डबा तसाच परत नेतात, मीच खाते कधी. एकदा पावसात फाट्याच्या मोरीवर बसल्या हुत्या, उठवेना. मी नि माझी जाव, दोगींनी हातांना धरून आनल्या. म्हनाल्या, हौसा, घरी कुनाला सांगू नकोस. मी नाय सांगितला. आता सांगते.”

बाबा उभेच होते, टोपी हातात. “मला कधी बोलली नाही,” ते म्हणाले.

“बोलून तुमी काय करनार हुतात भाऊ?” मावशींनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मला त्या ‘दमलाय’खालच्या रेघेवर मी जे बोलले त्याची लाज वाटत होती, पण त्याहून मोठी लाज वेगळीच होती. तीन वर्षं रोज संध्याकाळी आईचा डबा मी घासत होते. तो कधी अगदी चकाचक असायचा, कधी त्यात अर्धी भाकरी असायची, आणि मला एकदाही काही विचारावंसं वाटलं नव्हतं. माशाच्या दमण्याचा आणि आईच्या दमण्याचा संबंध लावू नये असं मला आजही वाटतं. आईने पाटीवर लिहिलं ते माशाबद्दलच लिहिलं होतं. स्वतःबद्दल असलं काही सुचवून बोलायची तिची रीत नव्हती, आणि कुणी तसा अर्थ काढला असता तर ती चिडली असती. पण दमलेला जीव कसा दिसतो हे या घरात तिला एकटीलाच ओळखता आलं, एवढं मी म्हणेन.

मावशी चारच्या गाडीने गेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी दुकानात जायच्या आधी ते कॉटशी बसले आणि म्हणाले, “पाच वर्षंच राहिली आहेत गं. तालुक्याच्या गावातली शाळा मिळते का बघतो, साहेबांना भेटतो.” आईने पाटी घेतली. लिहायला तिला वेळ लागला. ‘अहो, शाळा कुठलीही असो. मला आता चार वर्ग समोर घेऊन उभं राहवणार नाही. आवाज आला तरी नाही.’ पाटी भरली म्हणून तिने ती पुसली आणि पुन्हा लिहिलं, ‘मला घरी राहायचं आहे.’

बाबांनी ती पाटी हातात घेऊन बराच वेळ वाचली, लांबलचक पत्र वाचावं तशी. मग म्हणाले, “अर्ज मी लिहितो. माझं अक्षर बरं आहे.” आईपेक्षा त्यांचं अक्षर कधीच बरं नव्हतं. आईने मान हलवून हो म्हटलं. दादाला फोनवर सांगितलं तेव्हा तो आधी वाद घालायला लागला, तर बाबा त्याला म्हणाले, “तू इथे नव्हतास. आणि आम्ही असून नव्हतो.” बाबांच्या तोंडून असं वाक्य मी त्याआधी किंवा त्यानंतर ऐकलं नाही.

अर्ज गेला, फेऱ्या झाल्या, स्वेच्छानिवृत्ती मंजूर व्हायला पुढे दिवाळी उजाडली. तोवर रजा वाढवून घेतली. आईचा आवाज आला, पण लहान आणि खरखरीत, समोर बसलेल्या माणसापुरता. तिच्याशी बोलायचं तर जवळ जाऊन बसावं लागायचं, आणि ती अजून अकरा वर्षं होती, तेवढी वर्षं आम्ही तिच्याजवळ जाऊन बसत राहिलो. मी ऑक्टोबरला परीक्षेला बसले आणि बऱ्यापैकी पास झाले. मासा दीड वर्ष जगला. घोसाळ्याची जाळी दर तीन आठवड्यांनी बुळबुळीत व्हायची, ती काढून नवी उकळायची. ते काम आईने कुणाला करू दिलं नाही.

त्या जूनमधला शाळा उघडण्याचा दिवस मला अजून स्वच्छ आठवतो. मी पहाटे उठले तर बाबा माझ्याआधी उठून उंबऱ्यावर बसले होते. आई जागी होती. पहिल्या एसटीच्या वेळेला ती कॉटवर उठून बसली, पाय जमिनीला लावले आणि तशीच बसून राहिली. स्टँडावरून गाडी सुटल्याचा आवाज आला, वळणावर गेला, विरला. मी दाराआडून बघत होते. मग तिने पाय पुन्हा वर घेतले, चादर अंगावर ओढली आणि कुशीवर वळली. थोड्या वेळाने तिचा श्वास संथ झाला. बाबांनी दूधवाल्याला हातानेच थांबवलं आणि दूध बाहेरच मोजून घेतलं. मी स्वयंपाकघरात गेले, परात खाली काढली आणि परत ठेवली. भाकरी थापायचा आवाज बाहेरच्या खोलीत जातो. त्या दिवशी मी पातेल्यात भात लावला आणि तो शिजेपर्यंत तिथेच उभी राहिले. आई साडेनऊपर्यंत झोपली होती.